हजार फोटोंची कवायत

३ तारीख, सोमवार

निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच खरं काम हाती घेतलंय. काम गुप्त आहे, म्हणून ही डायरीही गुप्त. शिट्ट्यांच्या डब्याखाली ठेवणार. तिथे ही कधी हात घालत नाही. ही म्हणजे माझी बायको. घरात दुसरी कोणी ही नाही, तेव्हा नाव लिहायची गरज नाही.

तेवीस तारखेला हिची साठी. त्या दिवशी टीव्हीवर हिचे सगळे फोटो लहानपणापासून ओळीने लावायचे. समोर लेक आणि जावई, मध्ये खुर्चीत ही. हिला पत्ता लागता कामा नये.

फोटो सगळे कॉम्प्युटरमध्ये आहेत, पण कसे? मधल्या सुट्टीत मैदानावर पोरं असतात तसे. कोण कुठे पळतंय, कोणाला काही धरबंध नाही. काल जावई आला होता, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "सर, एक चांगलं सॉफ्टवेअर आहे. वर्षाचे थोडे पैसे पडतात. मी भरतो ना." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पाणी प्यायला आत गेला.

छत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. हजार पोरं नुसत्या शिट्टीवर रांगेत उभी केली. फोटो उभे करायला पैसे कशाला मोजायचे? फुकटातली ढीगभर सॉफ्टवेअरं पडलीत. मीच शोधतो.

५ तारीख, बुधवार

सापडलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. मी फुकट्या ठेवलंय.

फुकट्या एकटा आला नाही. येताना एक हवामान सांगणारा, एक पत्ते खेळायला बोलावणारा आणि एक "तुमचा कॉम्प्युटर आजारी आहे" म्हणून दर पाच मिनिटांनी गळा काढणारा असे तिघे बरोबर घेऊन आला. एका पाहुण्याला हो म्हणावं तर त्याने आपलं सगळं गणगोत आणावं, त्यातला प्रकार. मी कुठे हो म्हटलं होतं ते मला आठवत नाही. पण बारीक अक्षरात काहीतरी होतं, आणि चष्मा ही घेऊन बसली होती.

असो. फुकट्याला सांगितलं, तारखेप्रमाणे लाव. त्याने लावले. जुने फोटो ज्या रविवारी स्कॅन केले तीच त्याने त्यांची तारीख धरली. त्यामुळे हिचं बारसं, शाळा, आमचं लग्न आणि लेकीचा जन्म हे सगळं एकाच दुपारी उरकलं.

६ तारीख, गुरुवार

फुकट्याला चेहरे ओळखता येतात. निदान त्याची तशी समजूत आहे.

हिच्या त्याने तीन बायका केल्या. एक चष्म्यातली, एक बिनचष्म्याची आणि एक रागावलेली. रागावलेलीचेच फोटो जास्त निघाले. मग कपडे धुवायच्या मशीनच्या गोल दाराकडे बोट दाखवून "ही व्यक्ती कोण?" असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारलं. शेवटी वैतागून मशीनला मेहुणीचं नाव दिलं. तेव्हा गप्प बसला.

जावयाला त्याने ओळखलंच नाही. खाली चौकटीत लिहून आलं, चेहरा स्पष्ट नाही. त्यात फुकट्याची चूक नाही म्हणा. जावई ज्या थोड्या फोटोंत आहे, त्यांत कडेला, मान खाली घालून उभा. खांदे पाडलेले, पाठीला पोक. लग्नाला सात वर्षं झाली, पण माझ्यासमोर अजून ताठ उभा राहत नाही. लेक मागे एकदा म्हणाली होती, "बाबा, त्याला सर म्हणू नकोस असं सांगा ना." मी म्हटलं, म्हणू दे. शिस्त काही वाईट नसते.

९ तारीख, रविवार

ही लेकीकडे गेली होती. दिवसभर मोकळं रान.

दुपारी फुकट्याने खरं रूप दाखवलं. फुकटात हजारच फोटो सांभाळणार, पुढचे हवे असतील तर पैसे भरा. आपल्याकडे त्याच्या दुपटीला थोडे कमी. आधी मी माझे एकट्याचे सगळे फोटो काढून टाकले. साठी हिची, माझं थोबाड कशाला मध्ये? तरीही संख्या बसेना. निवडत बसलो तर प्रत्येक फोटोपाशी गाडी अडायची. हा ठेवू की तो?

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरं जास्त आणि मैदान लहान असलं की आम्ही काय करायचो? ओळीने "एक-दोन, एक-दोन" म्हणायला लावायचो आणि सगळ्या दोन नंबरवाल्यांना एक पाऊल मागे. कोणावर अन्याय नाही, कोणाचा लाड नाही. तसंच केलं. सगळ्या फोटोंना एक-दोन घातलं आणि दोनवाले मागच्या रांगेत काढले. फुकट्याने इंग्रजीत काहीतरी लांबण लावून विचारलं. मी होय म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा होय म्हटलं. एकदा दिलेली आज्ञा मी बदलत नाही.

काम फत्ते. पुढची रांग कशी सरळ, देखणी उभी आहे. आज बऱ्याच दिवसांनी अंग हलकं वाटलं.

११ तारीख, मंगळवार

घात झाला.

मागच्या रांगेतले फोटो कॉम्प्युटरमध्येच कुठेतरी असतील असं मी धरून चाललो होतो. कवायत संपली की पोरं घरी जातात, नाहीशी होत नाहीत. फुकट्याने नाहीशी केली. कचऱ्याच्या डब्यातही नाहीत. त्या लांबलचक इंग्रजीत हेच विचारलं होतं म्हणे, कायमचे काढू का.

आणि दोन नंबरात हिच्या वडिलांचा फोटो होता.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. सासरे बँकेत हेड कॅशियर. संशयाची नोट उजेडाकडे धरून बघायचे, तसेच मला बघायचे. खोटीच निघणार अशी खात्री असल्यासारखे. मुलीने पी.टी. मास्तरशी लग्न केलं म्हणून लग्नाला आले नाहीत. वर्षभराने एकदा, एकदाच, आमच्या घरी आले. पायरीवर उभे राहिले, आत काही आले नाहीत. हिने हट्ट धरला, म्हणून हिच्या शेजारी एका फोटोपुरते थांबले. फोटो मी काढला. डोळे सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे माझ्यावर रोखलेले, आणि ओठ घट्ट मिटलेले. त्याच हिवाळ्यात ते गेले. बाकीच्या फोटोंत ते एकटेच खुर्चीवर बसलेले आहेत. हिच्याबरोबर उभे असलेले असे या एकाच फोटोत.

छताची गळती लागून अल्बम भिजला, तेव्हा लेक-जावयाने बसून एकेक पान स्कॅन केलं होतं. कागदावरचा तो फोटो तेव्हाच गेला. उरला होता तो कॉम्प्युटरमधला, आणि त्याला मी एक पाऊल मागे घ्यायला लावलं.

ही समोर बसून शांतपणे मटार सोलते आहे. बिचारीला कल्पनाही नाही. तेवीसला हिला काय तोंड दाखवू?

१२ तारीख, बुधवार

लेकीला सांगण्यात अर्थ नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून गच्चीवर जाऊन जावयाला फोन केला. सगळं सांगितलं. कोणाला बोललास तर याद राख, हेही सांगितलं.

तो म्हणाला, "सर, पण तो फोटो तर माझ्या..."

मी म्हटलं, "तुझं मत विचारलेलं नाही. उडालेला फोटो कसा शोधायचा तेवढं सांग."

"नाही सर, मी काय म्हणतोय, आम्ही जेव्हा स्कॅन..."

"विषय सोडून बोलू नकोस."

मग त्याने उडालेल्या फाइली शोधणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. मुद्द्याचं बोलायला याला किती वेळ लागतो. फोन ठेवताना आवाज पडला होता त्याचा. घशाचं काहीतरी असेल.

१५ तारीख, शनिवार

जावयाने सांगितलेलं पैशाचं निघालं. त्याच्याच जातीचं फुकटातलं शोधून काढलं. हा शोध्या. दिवसभर कॉम्प्युटर घरघरत होता. ही दोनदा येऊन बघून गेली. "काय शोधताय एवढं?" म्हणाली. मी म्हटलं, पेन्शनचं काम आहे. "फार दिवस चाललंय पेन्शनचं," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिला हल्ली सारखा खोकला येतो. डॉक्टरकडे न्यायला हवं.

संध्याकाळी शोध्याला फोटो सापडला. खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पण तो दाखवतो तिकिटाएवढा. मोठा हवा असेल तर पैसे भरा. आता पैसे भरायचीही माझी तयारी झाली होती, इतका मी खाली आलो. कार्डाचा नंबर घातला. तर म्हणतो, तुमच्या देशात ही सेवा उपलब्ध नाही.

तिकिटाएवढा तर तिकिटाएवढा. तेवढा जपून ठेवला. त्यात सासऱ्यांचं तोंड मुगाएवढं आहे, पण तेवढ्यातूनही ते माझ्याकडेच बघतायत.

१६ तारीख, रविवार

लेक-जावई आले होते. मी कॉम्प्युटरच्या खोलीत एकटा असताना जावई आत आला. दार लोटून घेतलं. "सर, एक मिनिट. ते फोटोचं..." एवढंच म्हणाला आणि बाहेरून हिच्या पावलांचा आवाज आला. मी ताबडतोब मोठ्याने म्हटलं, "काय रे, कोणाला विचारून आत आलास?" प्रसंगावधान असावं लागतं. तो गेला बाहेर. नंतर सगळे जेवायला बसलो. लेक माझ्याकडे बघत नव्हती. ही मात्र खुशीत होती. जावयाला आग्रह करकरून वाढत होती.

१७ तारीख, सोमवार

हिच्या मनात आजच हे यावं, याला काय म्हणायचं? सकाळी चहा घेताना म्हणाली, "अहो, बाबांचा तो पायरीवरचा फोटो कुठे आहे हो? बरेच दिवस बघितला नाही."

मला ठसका लागला.

"असेल ना कॉम्प्युटरमध्ये."

"मग दाखवा की."

"कॉम्प्युटर गरम झालाय."

"सकाळी सकाळी?" म्हणाली, पण पुढे ताणलं नाही. दुपारी चष्मा शोधत होतो तर म्हणाली, "डोक्यावर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तुमचं नेहमीचंच." चष्म्यावरून एवढं हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१९ तारीख, बुधवार

आता तिसरा फुकट्या. हा लहान, अंधूक फोटो मोठा आणि स्वच्छ करतो. दिवसाला तीन फोटो फुकट. याला रंगारी म्हणतो.

पहिल्या खेपेला त्याने सासऱ्यांची मिशी काढून टाकली आणि भुवया हिच्या लावल्या. दुसऱ्या खेपेला पायरीच्या दगडात आणखी एक तोंड शोधून तेही उजळलं. तिसऱ्या खेपेला मात्र काम झालं. ही अगदी हुबेहूब आली, त्या दिवशीच्या साडीसकट. सासरे ताठ, कोट स्वच्छ. त्यांच्या कोटाला एक बटण जास्त आलंय, पण बटणं कोण मोजतो?

अडचण एकच. सासरे हसतायत.

मिटलेल्या ओठांचं रंगाऱ्याला काय करावं ते कळलं नसावं. त्याने आपलं हसू घातलं. थोडंथोडकं नाही, छान दात दाखवून, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडेपर्यंत. आणि बघतायत कॅमेऱ्याकडे. सासरे माझ्याकडे बघून हसतायत. मी बराच वेळ बघत बसलो. मग घाईने खिडकी बंद केली. काही कारण नसताना लाज वाटली.

२० तारीख, गुरुवार

पुन्हा तीन वेळा प्रयत्न केला. रंगारी न हसणारे सासरे द्यायलाच तयार नाही. "गंभीर" असं एक बटण आहे, पण ते पैसेवाल्यांसाठी.

सकाळी जावयाकडून फोनवर काहीतरी फोटोसारखं आलं होतं. सकाळी सकाळी पाठवलेली ती फुलं नि सुविचार मी उघडत नाही, तसंच उडवलं. मग त्याने लिहिलं, "सर, बघितलंत का?" मी लिहिलं, "हो. चांगलं होतं." त्यावर बराच वेळ काही आलं नाही. मग "ओके सर" आलं.

२२ तारीख, शनिवार

उद्या. दोन वाटा आहेत. फोटो लावायचाच नाही, तर ही विचारणारच. हसरा लावला, तर हिला कळेल का? चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो, टीव्ही दूर, हिचा चष्म्याचा नंबर बदललेला. पाच सेकंद दाखवायचा आणि पुढे सरकायचं.

शाळेत पोरांनी असलं काही केलं असतं तर मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या असत्या. हिच्या बापाचं तोंड मी बदललंय, आणि हिला तोंडावर खोटं सांगणार आहे. अन्न गोड लागलं नाही आज. हिने विचारलं, बरं वाटत नाही का? प्रेमाने विचारलं, त्याने जास्तच वाईट वाटलं.

२३ तारीख, रविवार

सगळं लिहून काढतो.

केक कापून झाला. ही खुर्चीत, शेजारी लेक, जावई नेहमीसारखा दाराशी उभा. मी टीव्ही लावला. पुढची रांग सुरू झाली. ही फ्रॉकमध्ये, ही दोन वेण्यांत, ही रुसलेली. हसू, टाळ्या, सगळं छान. मध्येच मशीन आलं, खाली मेहुणीचं नाव. लेक हसून हसून गडाबडा लोळली.

मग पायरीवरचा आला. मी पाच सेकंद धरले होते, पण हात पुढच्या बटणाकडे जाईना.

लेकीने तोंडावर हात ठेवला. जावई जमिनीकडे बघायला लागला. ही उठली, टीव्हीजवळ गेली, चष्मा पुसून घातला.

"बाबांचे पुढचे दोन दात नव्हते," ही म्हणाली. "म्हणूनच कधी तोंड उघडायचे नाहीत फोटोत."

मी सगळं कबूल केलं. एक-दोन घातलं ते, होय म्हटलं ते, तिकिटाएवढा, रंगारी, सगळं. "तुझ्या वडिलांचा फोटो मी घालवला," म्हटलं. आवाज जरा चिरकला. छत्तीस वर्षं शिट्टी फुंकून घसा खराब झालाय.

हिने आपला फोन काढून माझ्यासमोर धरला. सासरे. ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर रोखलेले. मूळ फोटो, चांगला मोठा.

"बारा तारखेलाच पाठवलाय मला याने," ही जावयाकडे बोट दाखवून म्हणाली. "अल्बम भिजला तेव्हापासून सगळे फोटो जपून ठेवलेत त्याने, तुम्ही उडवलेले सुद्धा. तुम्हाला सांगायला गेला, तुम्ही बोलू दिलं नाही. घरी आला, तुम्ही हाकललंत. फोनवर पाठवला, तर म्हणे चांगलं होतं."

"मग तू का नाही बोललीस?"

"मी गंमत बघत होते," म्हणाली. "माझीच साठी ना? मला काय हवं ते मी बघणार."

लेक पुन्हा लोळली. मी जावयाकडे बघितलं. तो घाईने म्हणाला, "सॉरी सर."

मला वाटलं संपलं. पण ही टीव्हीसमोरून हलेना. हसणं थांबलं होतं हिचं. फोन बाजूला ठेवला आणि त्या दातवाल्या, जास्त बटणाच्या सासऱ्यांकडे बघत राहिली.

"खरा राहू दे माझ्या फोनमध्ये," म्हणाली. "भिंतीवर हा लावायचा."

"अगं पण तो खोटा आहे."

"माहीत आहे. त्या दिवशी बाबांच्या शेजारी उभी राहून मी मनात एवढंच म्हणत होते, एकदा यांच्याकडे बघून हसा. फक्त एकदा. काय बिघडणार होतं त्यांचं?" डोळे पुसले हिने. "तुम्ही त्या दिवशी कॅमेरा धरून किती ताटकळला होतात. हात थरथरत होता तुमचा. मला दिसत होतं."

मला वाटायचं ते कोणालाच दिसलं नव्हतं.

लेक म्हणाली, आता आपला सगळ्यांचा एक काढू. जावयाने लगेच फोन हातात घेतला, कारण फोटो नेहमी तोच काढतो. ही, मी आणि लेक टीव्हीपुढे उभे राहिलो. मी सावधानमध्ये, नजर समोर. समोर जावई, दोन्ही हातांनी फोन धरून. "सर, थोडं आत," म्हणाला, इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

हिने मला कोपराने ढोसलं. "हसा," कानाशी म्हणाली. "नाहीतर उद्या त्यालाही फुकटचं सॉफ्टवेअर शोधत बसावं लागेल."

मी त्याच्याकडे बघितलं. सात वर्षांत नीट असं बघितलं नव्हतं बहुतेक. मग मी हसलो.

जावयाने बटण दाबलं, फोनमध्ये बघितलं, घसा खाकरला.

"सर, परत एकदा घेतो," तो म्हणाला. "माझा हात हलला."